अपोलोनियाचा दात

माझा भाचा दोनातो नेपल्सला शिकून आला आणि त्याला कशालाच 'आहे' म्हणवेना. वाइन चांगली आहे का विचारलं, तर म्हणे, "लोकांना आवडते." अशा माणसाला फादरांनी संत अपोलोनियाच्या दाताखाली लावायची पाटी लिहायला दिली! उद्या मिरवणुकीआधी ती चर्चमध्ये लागणार.

अपोलोनिया ही दातदुखी बरी करणारी संत. तिचा दात चर्चमध्ये चांदीच्या डबीत, काचेआड असतो. डबीची किल्ली आजीपासून आमच्या घरात. गावात कुणाची दाढ दुखली की तो आधी माझं दार वाजवतो, मग डॉक्टरचं.

मला वाचायला वेळ लागतो, पण वाचते. पाटीवर होतं: 'हा दात संत अपोलोनियाचा असल्याचे गावकरी पिढ्यान्‌पिढ्या मानतात. त्याचा पुरावा उपलब्ध नाही.'

"मेल्या, माझ्या आजीला खोटारडी म्हणतोस?"

"नाही गं आत्या. खरा म्हटलं नाही, तसं खोटाही म्हटलं नाही. डॉक्टर म्हणाले दाढ पुरुषाची वाटते, तेही गाळलं. त्यांनी लांबूनच पाहिलीय."

"त्याला म्हणावं, आधी स्वतःच्या तोंडातले मोज. तू 'आहे' लिही."

"लिहितो. डबीवर हात ठेवून सांग, तिचाच आहे म्हणून."

आमच्याकडे त्या डबीवर हात ठेवून कुणी खोटं बोलत नाही. बांधाची भांडणं, हरवलेली बकरी, सगळं तिथे मिटतं. खोटं बोलणाऱ्याचे दात पडतात. माझा दीर कोसिमो बोलला होता. आज पाव दुधात भिजवून खातो.

मी त्याला घेऊन चर्चमध्ये गेले, डबी काढली, हात ठेवला. काच गार होती. मला आजीनं सांगितलं, आजीला तिच्या आईनं. त्याच्या मागचं मी कुठे पाहिलंय? तोंड उघडलं, तसंच मिटलं.

दोनातो हसला असता तर कानाखाली दिली असती. तो खाली बघत होता.

हात तसाच ठेवून म्हणाले, "माझ्या दाढेची कळ इथे थांबली." तेवढं माझं होतं.

मग त्याच्याकडे वळले. "आता तू ठेव हात. म्हण, खोटा आहे."

पठ्ठ्यानं दोन्ही हात खिशात घातले.

"बघ! खरा म्हणायला मी कचरले, खोटा म्हणायला तुझी फाटली. पाटी बरोबर लिहिलीयस, लाव जा. पण उद्या मिरवणुकीत डबी तूच धरायची. आणि दातखीळ बसल्यासारखा चालू नकोस, मोठ्यानं गा."