अंदाजाची पुडी

जिंतूरच्या एसटी स्टँडसमोर विष्णुपंतांचं औषधाचं दुकान होतं. डॉक्टरकडे जायला वेळ नसला की लोक सरळ पंतांकडे यायचे आणि पंतही कुणाला रिकाम्या हाती पाठवायचे नाहीत. खरं सांगा, आपण सगळे हेच करतो की नाही?

गोष्ट सत्याऐंशी सालची. पंतांची मुलगी हेमा एम.फार्म. होऊन घरी आली होती. मोठ्या शहरातल्या एका इस्पितळानं तिला वर्षभर मुलांच्या वॉर्डात राहून शिकायला बोलावलं होतं. रोज डॉक्टरांबरोबर एकेका खाटेपाशी जायचं आणि कोणत्या लेकराला कोणतं औषध किती, ते तपासायचं.

"आणखी एक वर्ष? काही गरज नाही!" पंत कडाडले. "लहान मुलाचं औषध म्हणजे मोठ्याचं अर्धं. वीस वर्षं पुड्या बांधतोय, मला कुणी शिकवलं?"

"त्याचीच भीती वाटते, नाना," हेमा म्हणाली. पंत गिऱ्हाइकाकडे वळले.

शनिवारी दुपारी बोरी गावची कडूबाई आली. कडेवर तान्हं, हातात मळकी चिठ्ठी.

"डाक्टरसाब, बारक्याला लय धाप लागलीय. मागल्या साली थोरल्याला ह्याच चिठ्ठीनं गुण आला व्हता. तेच द्या."

पंतांनी दम्याच्या गोळ्या खलात कुटल्या. भुकटी कागदावर ओतली, पोस्टकार्डाच्या कडेनं तिचे वाटे पाडले. थोरल्याचं अर्धं बारक्याला! सगळं नजरेच्या अंदाजानं. कडूबाईनं पहिली पुडी तिथंच पाण्यात कालवून पाजली आणि ती स्टँडकडे गेली.

थोड्या वेळानं हेमा डबा घेऊन आली. तिची नजर काउंटरवरच्या चिठ्ठीवर गेली.

"नाना, ही सहा वर्षांच्या मुलाची चिठ्ठी. औषध कुणाला दिलं?"

"त्याच्या भावाला. असेल सातआठ महिन्यांचा. अर्धंच दिलं की!"

"वजन किती होतं?"

"वजन कोण विचारतं?"

"अहो, हे औषध तान्ह्याच्या अंगातून लवकर उतरत नाही, साठत जातं! एखादी पुडी पाजली का?"

पंतांचा चेहरा खर्रकन उतरला. दुकान उघडं टाकून दोघं धावत सुटली.

बोरीची गाडी उभी होती. खिडकीशी बसलेल्या कडूबाईच्या मांडीवर लेकरू ओकत होतं. त्याचे हातपाय झटके खात होते. हेमानं छातीवर हात ठेवला. काळीज नुसतं धाडधाड उडत होतं.

"डाक्टरसाब, काय पाजलंत माझ्या लेकराला?" कडूबाईनं हंबरडा फोडला. लेकराला घेऊन तिघं सरकारी दवाखान्याकडे धावली.

तिथं डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "वजन किती?"

"तान्ह्याचं वजन करत न्हाईत, नजर लागती," कडूबाईनं लेकराला घट्ट धरलं.

"बाई, नजर मी माझ्या हातानं उतरवीन. आधी काट्यावर ठेवा!" हेमा ओरडली.

भरलं पावणेसहा किलो. वजन आणि वय दोन्ही धरलं, तर पंतांची ती 'अर्धी' पुडी त्या जिवाला तिपटीनं जास्त होती!

सलाईन लागलं. एक तास गेला, दोन गेले. लेकराचा डोळा लागला की कडूबाई दचकून त्याच्या नाकाशी बोट धरायची. पंत व्हरांड्यात उभे होते, आत यायची त्यांची छाती होईना. दिवस मावळायच्या सुमाराला लेकरू रडलं आणि आईला बिलगून दूध प्यायलं. तेव्हा कुठे सगळ्यांच्या जिवात जीव आला.

पंत मात्र खालीच बसले.

"हेमा, वीस वर्षं अशाच पुड्या दिल्या गं. जी लेकरं परत आली नाहीत, ती बरी झाली असंच मी धरून चाललो. किती असतील?"

"मला नाही सांगता येणार, नाना."

"तू जा. वर्षभर शिक. आल्यावर मला शिकव. तोवर एकाही लेकराला माझ्या मनानं औषध द्यायचा नाही मी!"

कडूबाई दारात आली होती. तिनं पंतांकडे पाहिलं, शिवी दिली नाही की माफही केलं नाही. "पुढच्या बाईला तरी वजन इचारा," एवढंच म्हणाली.

वाचकहो, थोरल्याची चिठ्ठी धाकट्याला चालवू नका. लेकराचं वजन करा, औषध देणाऱ्याला खोदून खोदून विचारा. आणि आपल्या लेकी या विद्येसाठी वर्षभर वॉर्डात राहायचं म्हणाल्या, तर त्यांना अडवू नका. काट्याला आणि नजरेला कसले भिता? भ्यायचंच असेल, तर अंदाजाला भ्या!