सगळ्यांची नवी कुलपं

ताईचा धाकटा भाऊ कुलपं बसवायचा. नात्यात कुणी घर घेतलं की दाराचं कुलूप त्याच्याकडून, तेही फुकट. गिऱ्हाइकांच्या किल्ल्यांची एकेक जास्तीची प्रत तो स्वतःकडे ठेवायचा, हे मात्र पोलीस दारात आल्यावरच कळलं. घरफोडीचा गुन्हा शाबीत झाला होता, शिक्षा तेवढी सुनावायची राहिली होती.

"घरच्यांनी चार चांगले शब्द लिहून दिले तर शिक्षा कमी होऊ शकते," वकील म्हणाला. "मोठ्या बहिणीचं पत्र तर हवंच."

पत्रं गोळा करायचं काम अर्थातच ताईच्या गळ्यात पडलं.

मावशीने लिहिलं होतं, 'डोळे झाकून घर सोपवावं असा मुलगा.' ताई पत्र घेऊन बाहेर पडली आणि मागे दार लागलं ते वेगळ्याच आवाजात. तिने वळून पाहिलं. कुलूप कोरं करकरीत, वरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं.

"जुनं अडकायला लागलं होतं गं," मावशी आतूनच म्हणाली.

मामाने भाच्याला हिरा ठरवलं होतं आणि दाराला एकाच्या जागी दोन कुलपं लावली होती. "हल्ली दिवस वाईट आलेत," तो म्हणाला. कुणामुळे, तो विषय दोघांनीही काढला नाही.

ताईला हसू यायला हवं होतं. पण कुठल्या तोंडाने हसणार? तिनेही नुकतंच कुलूप बदललं होतं.

तिच्या डोक्यात अंगठी घोळत होती. आईची अंगठी कपाटातून गेली तेव्हा ताईने स्वयंपाकाच्या बाईवर आळ घेऊन तिला काढून टाकलं होतं. बाई रडत गेली. आता ताई एकेक आठवण उलटीपालटी करून बघत होती. धाकट्याने कपाटाची कडी दुरुस्त केली ती अंगठी जायच्या आधी की नंतर? 'ताई, रविवारी घरी आहेस ना?' असं विचारायचा, ते मायेनेच ना?

टेबलावर पत्र तयार होतं : 'माझा भाऊ मनाने प्रामाणिक आहे.' सही तेवढी होत नव्हती.

धाकटा जामिनावर होता. दुपारी पत्र न्यायला आला, पण आत येईना. उंबऱ्यातच उभा राहून कुलपाकडे बघत राहिला. ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हे कुणी बसवलं?"

"आहे एक, बाजारातला."

"धरून बडव त्याला. याचे स्क्रू बाहेरून निघतात. स्क्रूड्रायव्हर दे बघू, आतून बसवून देतो."

द्यावा की नाही, याचाही तिने विचार केला. मग दिला आणि त्याच्या हातांवरून नजर न हलवता शेजारी उभी राहिली.

"आईची अंगठी तूच नेलीस?" तिच्या तोंडून निघून गेलं.

स्क्रूड्रायव्हर थांबला. "हो." तो दाराशीच बोलल्यासारखा म्हणाला, "त्या बाईला काढलंस तेव्हाच सांगायला हवं होतं. छाती झाली नाही."

ताईच्या अंगाची लाहीलाही झाली. त्यातही संशय गेला नाही तो नाहीच. "हे वकिलानं पढवलं ना? खरं बोललास की मी विरघळेन म्हणून?"

"वकिलानं तोंड उघडू नकोस म्हणून बजावलंय."

तिने पत्र टराटरा फाडलं आणि नवं लिहिलं : 'माझा भाऊ प्रामाणिक आहे असं मी लिहू शकत नाही. त्याने माझ्याही घरात चोरी केली. त्यापायी मी एका निर्दोष बाईचं काम घालवलं. हे त्याने आज, माझं पत्र हातात पडण्याआधी, स्वतः कबूल केलं. शिक्षा द्यावी, पण तो कधी सुधारणारच नाही असं धरून देऊ नये.'

त्याने ते दोनदा वाचलं. "यानं मी आणखी अडकलो तर?"

"मग फाड. दुसरं मिळणार नाही."

त्याने कागदाची घडी करून खिशात ठेवली, उरलेला स्क्रू घट्ट पिळला, कुलपातली किल्ली काढून तिच्या हातात दिली आणि निघाला.

ताईने दार लावलं. आतून कडी घातली. मग स्वतःचीच लाज वाटून काढली. दाराला टेकून पोटभर रडली, डोळे पुसले आणि कडी पुन्हा घातली.