हुबेहूब असंच हवंय

घरात तिला सगळे धाकटीच म्हणत. व्हायोलिन शिकवून ती पोट भरायची आणि उरलेल्या वेळात स्वतःच्या चाली बांधायची. त्या चाली मालिकांनी, जाहिरातींनी रीतसर परवाना घेऊन वापराव्यात, असं तिच्या फार मनात होतं. पण पाठवलेल्या चालींवर समोरून कुणी हूं की चूं करत नव्हतं.

ताईचा नवरा, म्हणजे भाऊजी, फरश्या विकायचे. गाण्यातलं त्यांना ओ की ठो कळत नसे, पण विकण्यातलं सगळं कळे. एकदा त्यांनी तिची मेल वाचली आणि कपाळाला हात लावला.

"अगं, वीस चाली एकदम? मी गिऱ्हाइकापुढे अख्खं गोदाम ओततो का? दोनच पाठव. आधी त्यांची मालिका बघ, तिला शोभेल ते दे. आणि फाइलचं नाव काय, तर 'शेवटची खरी शेवटची'! ना तुझं नाव, ना फोन. आवडली तरी माणसाने शोधायचं कुणाला?"

बोलणं खोचक होतं, पण खोटं नव्हतं. धाकटी कामाला लागली. प्रत्येक चालीचा जीव तिने सुरुवातीलाच आणून ठेवला. ज्या चालींवर गाणं होतं, त्यांची शब्दांशिवायची प्रत वेगळी केली. साथीला वाजवणाऱ्या मैत्रिणीकडून लेखी परवानगी घेतली, म्हणजे मागाहून हक्कावरून कटकट नको. घर विकणाऱ्या एका कुटुंबाची मालिका येणार असल्याचं कळलं, तेव्हा तिने, आई गेल्यावर तिची खोली रिकामी करताना सुचलेली चाल काढली. त्या चालीत एके जागी व्हायोलिनचा गज घसरला होता आणि सूर खरवडल्यासारखा खाली आला होता. पुन्हा वाजवून बघितलं, तर नीट वाजवलेलं खोटं वाटायला लागलं. तिने घसरण तशीच ठेवली आणि चाल पाठवून दिली.

बरेच महिने काही नाही. मग एक दिवस कानसाहेबांनी फोन करून ऑफिसात बोलावलं. हे गृहस्थ त्या मालिकेचं संगीत निवडायचे. अख्खा धंदा त्यांना कानसाहेब म्हणायचा, आणि त्यांनाही ते आवडायचं. भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून तिच्याबरोबर निघाले.

ऑफिसच्या खिडक्या बंद होत्या. टेबलावरच्या कपांत चहाची साय वाळून चिकटली होती. कानसाहेब उकडलेली अंडी खात होते. अंडं मिठात बुडवायचं, अर्धं तोंडात घालायचं आणि तेवढ्यात बोलायचं, असा प्रकार. पिवळ्या बलकाचे कण त्यांच्या मिशीत अडकले होते. बोलता बोलता त्यांनी तिच्या व्हायोलिनची पेटी स्वतःच उघडली आणि त्याच बोटांनी तारा छेडल्या. धाकटीने झाकण लावून पेटी मांडीवर ओढून घेतली.

"तुमचं वाजवणं ऐकलंय म्हणे आमच्या पोरांनी कुठेतरी," ते म्हणाले. "एक चाल ऐकवतो. आमच्याच माणसाने कॉम्प्युटरवर केलीय. झकास आहे, पण मेलेली वाटते. मला हुबेहूब असंच हवंय, फक्त जिवंत."

त्यांनी बटण दाबलं.

पहिल्या दोन ओळींना धाकटीला वाटलं, आपल्याला भास होतोय. मग ती जागा आली. सूर खरवडत खाली आला. चोराने घसरणसुद्धा मोजूनमापून उचलली होती.

"ही माझी चाल आहे," ती म्हणाली. "मीच तुम्हाला पाठवली होती."

कानसाहेबांनी बोटं चाटली. दचकले नाहीत, की लाजले नाहीत.

"असं? मग तर सोपंच झालं! तुम्हाला हमखास जमेल."

"साहेब, ही चोरी आहे."

"अहो बाई, इथे रोज शेकडो चाली येतात. कुणाचं काय, कोण लक्षात ठेवतंय? सूर काय कुणी विकत घेतलेत? मनाला लावून घेऊ नका. अंडं घेणार?"

टेबलाखालून भाऊजींनी तिच्या पायाला पाय लावला. "आधी आत तर शिरू," ते कुजबुजले.

धाकटी उठली. जिना उतरताना भाऊजी मागून समजावत होते की पहिलं काम असंच असतं, ओळख वाढली की पुढचं बघता येतं. ती मधेच थांबली.

"भाऊजी, तुमच्या गोदामातल्या फरश्या कुणी उचलून नेल्या आणि त्याच बसवायला तुम्हाला बोलावलं, तर?"

भाऊजी उघड्या तोंडाने उभे राहिले. "मी त्याला त्याच फरशीवर आपटला असता," ते म्हणाले, आणि तिच्याआधी जिना उतरले.

मालिका काढणाऱ्या कंपनीला तक्रार भाऊजींनीच लिहिली. सोबत तिने ती चाल पाठवल्याची मेल जोडली. तारीख, फाइलवरचं नाव, फोन, सगळं जागच्या जागी होतं. कंपनीने गुपचूप चाल काढून टाकली. माफी नाही, खुलासा नाही. उलट कानसाहेबांचीच मेल आली : गैरसमज झाला, तुमच्या कलेचा आदर आहे, नवीन काही असेल तर जरूर पाठवा.

"जिंकलीस की गं!" ताई म्हणाली. "मग असं तोंड का करून बसलीस?"

"घासातला केस निघाला, ताई. घास गिळवतोय का?"

ती चाल तिला पुन्हा वाजवता आली नाही. आईची खोली आठवायच्या ऐवजी ती बलक अडकलेली मिशी आठवायची. दोन नव्या चाली मात्र तिने तयार केल्या, जीव सुरुवातीला, नाव आणि फोन जागेवर, आणि मीठ तयार करणाऱ्या लोकांवर फिल्म काढणाऱ्या एका बाईंना पाठवल्या. त्यांचं काम तिने आधी नीट बघितलं होतं. माणूस बरा वाटत होता.

बरा माणूस तर कानसाहेबही फोनवर वाटले होते. मेल गेल्याचं दिसताच ती उठून मोरीवर गेली आणि साबणाचा फेस कोपरापर्यंत येईस्तोवर हात घासत राहिली.