निरंकार उपास

"आज कसला उपास, आजी?"

"इठ्ठलाचा. बुधवार न्हाई का आज?"

चांगुणाबाईंनी लंकाबाईचा हात सोडला. नाडी मंद लागत होती. सोमवारी म्हातारी आली तेव्हा महादेवाचा उपास होता, मागच्या शनिवारी मारुतीचा. आपल्याकडे वारांना देव कमी नाहीत, पण सगळे एकाच म्हातारीच्या वाट्याला कसे आले?

"मग भगर-बिगर काही खाल्लंत की नाही?"

"निरंकार हाय. पान्यावर."

चांगुणाबाई मूळच्या पारनेरच्या. जामखेडजवळच्या या गावी दवाखान्यात नर्स म्हणून येऊन त्यांना तीन वर्षं झाली होती. स्वभाव भारी चौकस. कुणाच्या चुलीवर काय शिजतं हेही त्यांना ठाऊक असतं, असं गावात चेष्टेनं म्हणत. औंदा मात्र चुलीवर सांगण्यासारखं काही शिजत नव्हतं. बाहत्तरच्या दुष्काळानं विहिरींचा तळ दाखवला होता आणि धडधाकट माणसं सरकारी कामावर खडी फोडायला जात होती. म्हाताऱ्यांना त्या कामावर कुणी घेत नसे.

आठवड्यातून एकदा येणाऱ्या डॉक्टरांनी लंकाबाईच्या सुजलेल्या पावलावर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला. म्हातारी बाहेर गेल्यावर ते चांगुणाबाईंना म्हणाले, "हिला गोळी नको, भाकरी हवी."

"ती तर उपास करते, डॉक्टर."

"रोज?"

ते 'रोज' चांगुणाबाईंच्या डोक्यातून जाईना. संध्याकाळी औषधाची बाटली पोचवायच्या निमित्तानं त्या लंकाबाईच्या घरी गेल्या. मुलगा अजून आला नव्हता. सून विजयमाला नुकतीच खडीवरून आली होती, हाताला चिंध्या बांधलेल्या. तिच्या ताटात मिलोची, रेशनवरच्या परदेशी ज्वारीची, लाल भाकरी होती आणि टोपल्यात आणखी एक. लंकाबाई समोर बसून तिला आग्रह करत होती.

"आणि सासूबाईंचं जेवण?" चांगुणाबाईंनी विचारलं.

"त्यांचा उपास हाय," विजयमाला म्हणाली. "लई देवभोळ्या झाल्यात औंदा. पयल्या अशा नव्हत्या."

"तिला हातुडा उचलाय लागतुया," लंकाबाई घाईनं म्हणाली आणि उरलेली भाकरी मुलासाठी फडक्यात बांधून ठेवली.

चांगुणाबाईंचं कुतूहल तिथंच फिटलं. परतताना त्यांना रडू आलं आणि रागही आला, पण तो काढावा कुणावर, ते कळेना.

म्हातारीला नुसतं खायला दिलं असतं, तर तिनं हात लावला नसता. दवाखान्यात गरोदर बायांसाठी पोत्यातून सुकडी येई, गव्हाच्या पिठाची, गूळ घातलेली. पुढच्या खेपेला डॉक्टरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "म्हातारी गरोदर नाही हे मला दिसतं. पोत्याला काय दिसतं? द्या."

दुसऱ्या दिवशी चांगुणाबाईंनी कागदाची पुडी पुढं केली. "औषधानं उपास मोडतो का, आजी?"

"औषदाला न्हाई मोडत."

"मग हे इथंच, माझ्यासमोर घ्यायचं. रोज."

लंकाबाईनं घास तोंडात घोळवला. "ग्वाड हाय की."

"सरकारी औषध आहे. आता गोड करतात."

म्हातारीनं त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. "बरं," म्हणाली आणि पुडी चाटूनपुसून संपवली. पंधरवड्यात पायांची सूज उतरू लागली. सकाळी दार उघडायच्या आधीच ती पायरीवर हजर असे.

मग देवी टोचायच्या कामासाठी चांगुणाबाईंना चार दिवस मिरजगावकडे जावं लागलं. जाताना त्यांनी चार पुड्या लंकाबाईच्या पदरात बांधून दिल्या. परत आल्या त्या सकाळी पायरीवर दोघी बसल्या होत्या. दुसरी गोजरबाई, गावाच्या टोकाला एकटी राहणारी, काठीइतकीच बारीक.

"हिचा बी उपास हाय," लंकाबाई म्हणाली. "निरंकार. तुमचं औषद हिला लागू पडलंया बघा. आता हिलाच द्या."

"आणि तुमचं?"

"माजा उपास सुटला."

चांगुणाबाई खाली वाकल्या. लंकाबाईच्या पावलावर त्यांनी अंगठा दाबला आणि उचलला. खळगा पहिल्यापेक्षा खोल होता, आणि भरून येत नव्हता. लंकाबाईनं पाय लुगड्याखाली ओढून घेतला.

चांगुणाबाई उठल्या. आत जाऊन पोत्यात हात घातला. तो कोपरापर्यंत गेला तेव्हा कुठं सुकडी लागली. त्यांनी दोन पुड्या बांधल्या आणि बाहेर येऊन दोघींच्या हातात एकेक ठेवली.

"हे औषध आता दोघींनी समोरासमोर बसून घ्यायचं. एकटीनं घेतलं तर अंगी लागत नाही."

"आसं बी आसतं व्हय?" गोजरबाईनं लंकाबाईला विचारलं.

"बाई म्हन्त्यात म्हंजी आसंल."

दोघी पायरीवर एकमेकींकडे तोंड करून बसल्या. पुड्या सोडल्या, गुळाचा वास आला. लंकाबाई गोजरबाईच्या हाताकडे बघत होती, गोजरबाई लंकाबाईच्या.

पहिला घास कुणीच घेईना.