एका डोळ्याचा ड्रोन

मी गंधालीचा ड्रोन बोलतोय. पवईतल्या तिच्या छोट्या सर्वेक्षण कचेरीत मी राहतो. मी हवेतून फोटो काढायचे आणि तिने त्यांवरून जमिनीचे नकाशे करायचे, असं आमचं काम. पण उतरलो रे उतरलो की माझी रवानगी बॅगेत.

टेबलावर मानाने बसतो तो स्टिरिओस्कोप. चार पायांवर दोन भिंगं, बस्स. ना पंखे, ना बॅटरी. तो गंधालीच्या वडिलांचा, भाऊंचा. विमानातून घेतलेल्या फोटोंवरून नकाशे काढण्यात त्यांची सगळी हयात गेली. एकाच जागेचे दोन फोटो भिंगांखाली शेजारी ठेवून दोन्ही डोळ्यांनी पाहिलं, की डोंगर कागदातून वर उठायचा. निवृत्तीनंतरही ते दुपारी कचेरीत यायचे. बापलेक डोक्याला डोकं लावून त्याच्यापाशी बसायची आणि इकडे बॅगेत माझा नुसता जळफळाट.

मग काचबिंदूने भाऊंचा उजवा डोळा गेला. त्यानंतर एकदा ते भिंगांवर वाकले ते बराच वेळ उठलेच नाहीत.

"सगळं सपाट झालं गं," एवढंच म्हणाले.

स्टिरिओस्कोपची जिरली म्हणून मला बरं वाटलं. पण भाऊ कचेरीत यायचेच बंद झाले.

पुढे कांजूरमार्गचा कचऱ्याचा डोंगर मोजायचं काम आलं. मी त्यावर येरझारा घालत शेकडो फोटो काढले. गंधालीने ते संगणकावर जुळवून डोंगर उभा केला आणि भाऊंना अक्षरशः ओढून आणलं.

"भाऊ, माउसने फिरवून बघा."

भाऊंनी डोंगर फिरवला. परत फिरवला.

"वर आला की गं," ते पुटपुटले. मग विचारलं, "ड्रोनला डोळे किती?"

"एकच कॅमेरा."

"मग उंचसखल कसं कळतं त्याला?"

"तो एका जागी थांबत नाही ना. जागा बदलत बघतो."

भाऊंनी मला पहिल्यांदाच हातात घेतलं. "म्हणजे माझ्यासारखाच की रे तू." मग खिडकीशी जाऊन, मान हळूहळू डावी-उजवीकडे नेत, ते समोरची टेकडी बघत राहिले.

स्टिरिओस्कोप ऐकत होता. ऐकू दे.

आता भाऊ प्रत्येक उड्डाणाला येतात, मान वर करून माझ्यावर नजर ठेवतात. पण कांजूरला घारी फार. परवा एक घार माझ्या शेजारून, पंखही न हलवता, गोल फिरत गेली. भाऊंची नजर तिच्यामागे गेली ती गेलीच.

"काय तरंगतेय बघ. झकास," ते गंधालीला म्हणाले.

माझे चारही पंखे जीव तोडून फिरत होते. भाऊ, जरा इकडे बघा ना.