एक्केचाळिसावा सेकंद

मित्रांनो, मी एक जुना कीपॅड आहे. नाव ऐकून बुचकळ्यात पडू नका. घरात चोर शिरला की जो भोंगा बोंबलतो ना, त्याला गप्प बसवायची बटणं माझ्या अंगावर आहेत. घरचं माणूस दार उघडून आत आलं की मी टिकटिक करत तीस सेकंद मोजतो. तेवढ्यात चार आकडे बरोबर दाबले तर ठीक, नाही तर भोंगा!

चौदा वर्षं मी मुख्य दाराशेजारी होतो. सगळ्यांत ओळखीची बोटं आत्यांची, म्हणजे घरमालकांच्या थोरल्या बहिणीची. त्यांना कमी दिसतं. माझ्या पाचाच्या बटणावर एक बारीक उंचवटा आहे. तो चाचपून त्या बाकीचे आकडे शोधत. गुडघ्यांसाठी त्या रोज सकाळी एकट्या पोहायला जात आणि ओल्या केसांनी गुणगुणत परतत. घरी तेव्हा कोणीच नसे. मीच त्यांचं स्वागत करी.

मग घराची दुरुस्ती निघाली. माझ्या जागी छतापर्यंत कपाट येणार होतं. सुताराने कोणाला न विचारता माझे स्क्रू काढले. पण माझ्या पाठीत एक स्प्रिंग आहे. भिंत सुटली की ती उसळते आणि भोंगा वाजतो. सुतार स्टुलावरून खालीच आला.

"अहो, हे चावतं की काय!"

शेवटी अलार्मवाला मेकॅनिक आला. त्याने तार वाढवून मला सांगितल्या जागी, पार स्वयंपाकघराच्या दाराशी बसवलं. "इथे कसा शोभतो!" घरमालकीण वहिनी म्हणाल्या. मीही सुखावलो. भिंत सगळ्यांनी मोजली, पावलं कोणीच मोजली नाहीत.

पहिल्याच आठवड्यात आत्यांच्या हातून तीनदा भोंगा वाजला. तिसऱ्यांदा तर शेजारी काठी घेऊन धावून आले.

"अक्का, आकडा विसरतेस का गं?" भावाने हळूच विचारलं. "वय झालं की होतं असं."

"आकडा पाठ आहे रे माझा."

"असू दे. आता एकटी नको जाऊस. रविवारी मी नेईन."

पोहण्याची पिशवी खुंटीला लागली. हळूहळू त्यांनाही वाटू लागलं, आपण खरंच विसरतोय. दुपारी त्या माझ्यासमोर उभ्या राहून आकडा पुटपुटत. मला सगळं ठाऊक होतं, मित्रांनो! पण टिकटिकीपलीकडे मला बोलता कुठे येतं?

दोन आठवड्यांनी भावाने मेकॅनिकला बोलावलं. "अक्कासाठी सोपा आकडा लावून द्या. एक-दोन-तीन-चार."

"चोरालाही सोपाच जाईल, साहेब. आधी याच्या पोटात काय आहे ते बघू."

माझ्या पोटात प्रत्येक घटनेची नोंद असते. तो मोठ्याने वाचू लागला, "दार उघडलं. तीस सेकंदांनी भोंगा. एक्केचाळिसाव्या सेकंदाला आकडा, पहिल्याच खेपेला बरोबर. तिन्ही वेळा जवळपास हेच." तो वळला. "आजी, दारापासून इथवर शर्यत लावू या?"

"आजी कोणाला म्हणतोस? आत्या म्हण. आणि शर्यतीचं गुडघ्यांना विचार."

आत्या चालल्या. जेवणाच्या टेबलाला वळसा, मग खुर्ची, मग उंबरा. त्यांनी शेवटचा आकडा दाबताच त्याने घड्याळ दाखवलं. चाळीस सेकंद.

"आत्या विसरत नाहीत, साहेब. त्यांना वेळ पुरत नाही. मीही बसवताना विचारायला हवं होतं."

भाऊ खाली बघत म्हणाला, "चुकलं माझं, अक्का. वेळ वाढवता येईल का हो?"

"येईल. पण चोरालाही तेवढाच मिळेल. त्यापेक्षा यालाच परत दाराशी नेऊ."

आता मी कपाटाच्या कडेला, आत्यांच्या कोपराच्या उंचीवर आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं. मी नऊ मोजले, आणि ओलं बोट पाचावर टेकलं.

मित्रांनो, एखादी वस्तू हलवताना ती वापरणाऱ्याची पावलंही मोजा. कोणाला विसराळू म्हणण्याआधी, आपण त्याला वेळ किती दिला ते बघा. आणि हो, माझा पाचावरचा उंचवटा झिजत चाललाय. पुसताना तेवढा जपा.