रस्त्यापलीकडचं चर्च

पोलादाचा कारखाना बंद पडला, गाड्या थांबल्या, पोरंबाळं पोटामागे दक्षिणेला पांगली, आणि अमेरिकेतल्या ईरी सरोवराकाठच्या त्या पोलिश वस्तीत नाव घ्यावं अशा दोनच इमारती उरल्या. एक, उंच मनोऱ्याचं ओस पडलेलं रेल्वे स्टेशन. दुसरी, रस्त्यापलीकडचं संत किंगाचं चर्च. स्टेशनासाठी सेलिना व्रूबेल झटायची, चर्चसाठी रेगिना स्किबा. दोघी सत्तरीच्या विधवा, एकाच गल्लीत वाढलेल्या.

शनिवारी दोघी तोंडाला फडकी बांधून स्टेशनच्या दालनातली कबुतरांची घाण खरवडायच्या.

"तुझ्या बापाने इथे जन्मभर लोकांच्या बॅगा उचलल्या, आणि तू कबुतरांची शी उचलतेयस," रेगिना म्हणायची. "घराण्याची प्रगती आहे हो!"

रविवारी सेलिना चर्चच्या तळघरात बसून बटाट्याच्या पिरोगींना, म्हणजे पोलिश करंज्यांना, मुरड घालायची. त्या विकूनच चर्चची डागडुजी चालायची.

एका हिवाळ्यात रेगिना तिला घंटेच्या मनोऱ्यात घेऊन गेली. भिंतीला खालपासून वरपर्यंत भेग गेली होती. रेगिनाने तिच्यात स्वतःच्या हाताने चुना भरला होता.

"कुणाला बोलू नकोस हं. उन्हाळ्यात माझा भाचा लोखंडी पट्ट्या ठोकून देणार आहे. तोवर झाकली मूठ."

"मी कशाला बोलतेय?" सेलिना म्हणाली, आणि तेव्हा ती खरंच बोलणार नव्हती.

पण वसंतात सरकारने जाहीर केलं की या वस्तीतली एकच जुनी इमारत वाचवली जाईल. स्टेशनाला नकार मिळाला तर ते पाडायचं, हेही ठरलंच होतं. शाळेच्या सभागृहात लोकांचं म्हणणं ऐकायला समिती बसली. प्रमुख होते हॅस्केल नावाचे गृहस्थ. जो तो उठून चर्चबद्दलच बोलत होता. कुणाचं लग्न तिथे लागलेलं, कुणाची आई तिथून शेवटची निघालेली. स्टेशनाचं नाव कुणी काढेना.

रेगिनाने शेजारच्या खुर्चीवर आपला कोट टाकून मैत्रिणीसाठी जागा धरली होती. सेलिना तिथे बसलीच नाही. ती सरळ माइकपाशी गेली.

"त्या चर्चच्या मनोऱ्याला भेग आहे. मी हात लावून पाहिलीय. वरून चुना फासलाय. उद्या लेकरांच्या डोक्यावर कोसळला म्हणजे?"

"चुना कोणी फासला?" हॅस्केलनी विचारलं.

माहीत नाही म्हणाली असती तरी चाललं असतं. तिचं काम झालंच होतं.

"रेगिना स्किबाने," सेलिना म्हणाली.

रेगिनाने खुर्चीवरचा कोट उचलून मांडीवर घेतला.

इंजिनिअर आले, चर्चला कुलूप लागलं आणि नाताळच्या आत यंत्रांनी ते भुईसपाट केलं. वस्तीने राग काढला तो रेगिनावर. ज्या बायका तिच्याबरोबर पिरोगी लाटायच्या, त्यांनी तिला बेकरीत गाठलं.

"ठाऊक असून आमच्या नातवंडांना त्या मनोऱ्याखाली बसवत होतीस? लाज नाही वाटली?"

सेलिना तिथेच पावासाठी रांगेत उभी होती. तिने पाव घेतला आणि मान खाली घालून बाहेर पडली.

स्टेशन झळाळून उठलं. उपनगरातल्या पैसेवाल्यांची लग्नं तिथे लागू लागली. सेलिनाला लाल जाकीट मिळालं. पाहुण्यांना दालन दाखवत ती बापाचं नाव अभिमानाने घ्यायची. खोटं कशाला सांगा, ती सुखात होती. रेगिनाची आठवण आली की म्हणायची, एक तरी वाचलं ना?

मग एका सकाळी स्वतःच्याच पायरीवर बर्फावरून तिचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळातून घरी आणून टाकल्यावर मुलीचा ॲरिझोनाहून फोन आला, "मम्मी, मला रजा नाही गं." स्टेशनवाल्यांनी फुलं पाठवली आणि लाल जाकीट दुसरीला दिलं.

आणि एक दिवस दारात किल्ली फिरली. रेगिना होती. तिच्याकडे या घराची किल्ली वर्षानुवर्षं होतीच. तिने बीटचं सूप गरम केलं, चादर बदलली, अंग पुसलं. दुसऱ्या दिवशी परत आली. मग रोजच. "संत आहे हो बाई," वस्ती म्हणू लागली. ज्यांनी शिव्या घातल्या होत्या, त्याच म्हणू लागल्या.

सेलिनाला रडू फुटलं. "रेगिना, माफ कर गं मला."

रेगिनाने तिची हनुवटी पुसली. "तोंड उघड." चमचा आत गेल्यावर म्हणाली, "माझ्या पोराची, यानुशची शवपेटी कुठे ठेवली होती?"

"वेदीपाशी."

"डावीकडे की उजवीकडे?"

"आठवत नाही गं."

"मग मी सांगते. आज पेटीचं सांगते. उद्या त्याच्या बाप्तिस्म्याचं. एकेक खिडकी, एकेक बाक, सगळं सांगणार आहे. मला आता दुसरं काम कुठे उरलंय?"

सेलिनाने भिंतीकडे तोंड फिरवलं. रेगिनाने दोन बोटांनी, अगदी अलगद, ते आपल्याकडे वळवलं. "सूप निवतंय. आणि तू कुठे पळणार आहेस आता?"

संध्याकाळी सेलिनाने मुलीला फोन लावला. "तिला सांग, येऊ नकोस म्हणावं. पाया पडते तुझ्या."

"मम्मी, असं बोलवतं तरी कसं तुला?" मुलगी चिडली. "किती करते ती तुझं! मी आत्ताच तिच्याशी बोलले. तू बरी होईपर्यंत तिथेच राहायला येते म्हणालीय."

दुसऱ्या दिवशी रेगिना बॅग घेऊन आली. सेलिनाच्या पलंगासमोर तिने आपली खाट मांडली.